चार साखळ्या, आठ मुके खांब

पहिलं फूल करायला मला एक तास दहा मिनिटं लागली, आणि ते उसवून टाकावं लागलं.

२०१४चा जून होता, मेलबर्नमधला आमचा तिसरा हिवाळा. मुलीची पुस्तकं परत करायला वाचनालयात गेले होते. काउंटरवर एक टोपली होती आणि तिच्यात लोकरीची लाल फुलं. कुठलं गर्द, कुठलं विटकरी, एक तर चक्क कुंकवाच्या रंगाचं. शेजारच्या कागदावर लिहिलं होतं की पुढच्या वर्षी २५ एप्रिलला पहिल्या महायुद्धातल्या, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईला शंभर वर्षं होतील, तेव्हा ही फुलं शहराच्या मधोमध मांडायची आहेत. ज्याला जसं जमेल तसं फूल करून द्या, लाल कुठलाही चालेल.

घरी येऊन वाचलं. लिन बेरी आणि मार्गरेट नाइट या मेलबर्नच्या दोघींनी २०१३मध्ये दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आपल्या वडिलांसाठी थोडी फुलं विणायला घेतली होती. मग ५,००० करायचं ठरलं, म्हणून उपक्रमाचं नावच '५००० पॉपीज' पडलं. मी टोपली पाहिली तोवर तो आकडा कधीच मागे पडला होता.

पॉपी म्हणजे आपल्या खसखशीचीच बहीण. ही मात्र फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांतली रानटी जात, हिच्यातून अफू निघत नाही. हिचं बी जमिनीत वर्षानुवर्षं निजून राहतं आणि माती उलथीपालथी झाली, उजेड लागला की उगवतं. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी नांगरलेल्या आणि माणसं पुरलेल्या रानांत ही फुलं माजली, म्हणून ती मेलेल्यांच्या आठवणीचं फूल झाली. अनारशावर खसखस थापताना हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आता दर दिवाळीला येतं.

क्रोशा मला आईनं शिकवला. खडकीच्या आमच्या क्वार्टरमध्ये क्रोशाचं नाही असं काहीच नव्हतं. दाराला तोरण, टीव्हीवर रुमाल, पाण्याच्या माठावर मणी लावलेली जाळी, गौरींच्या पाटाखाली आसन. त्यामुळे फूल म्हणजे काय मोठंसं, असं वाटलं. पण नमुना इंग्रजीत होता आणि त्यात 'डबल क्रोशे' लिहिलं होतं. मी ज्या व्हिडिओंवरून इंग्रजी नावं शिकले होते ते अमेरिकन होते, आणि अमेरिकेत डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, उंच टाका. इथे ब्रिटिश पद्धत. तिच्यात त्याच शब्दांचा अर्थ मुका खांब, बुटका टाका. मी सगळीकडे उंच खांब घालत गेले आणि बशीएवढं लोंबतं काहीतरी तयार झालं. उसवलं. फोनवर आईला वाचून दाखवलं तेव्हा तिनं ते एका ओळीत आपल्या भाषेत आणलं: "काळ्या लोकरीनं चार साखळ्या, गोल जोड, त्यात आठ मुके खांब. मग लाल घे."

खरी मेहनत लाल लोकरीची आहे. दर घरात एकच खांब घातला तर फुलाची वाटी होते. दोन घातले तर ते सपाट पसरतं. शेवटच्या ओळीत तीन-तीन घातले तर कडेला झालर येते, आणि त्या झालरीमुळेच ते पॉपीसारखं दिसतं, कारण खरी पाकळी कागद चुरगळून पुन्हा उलगडल्यासारखी असते. मी चौथ्या फुलाला ती झालर गाठली. लोकरीचंही शिकावं लागलं. शुद्ध लोकर हाताला ऊबदार लागते, पण ही फुलं उघड्यावर राहणार, तिथे ॲक्रिलिक जास्त टिकतं. शेवटचं टोक सुईनं आत ओवून तीनदा मागे-पुढे फिरवायचं, नाहीतर पहिल्याच वाऱ्याला फूल सुटतं.

प्रत्येक फुलाला हवी तर चिठ्ठी बांधता येत होती, ज्याच्यासाठी विणलं त्याच्या नावाची. माझ्या पहिल्या बारा फुलांना चिठ्ठी नव्हती. इथे माझं असं कोण होतं?

सप्टेंबरात मी पहिल्यांदा शिवणाच्या बैठकीला गेले. एका सभागृहात लांबलचक टेबलं लावलेली, त्यांच्यावर जाळीदार कापडाचे पट्टे आणि दोन्ही बाजूंना बायका. चार-पाच पुरुषही होते. सुटी फुलं त्या जाळीवर टाचायची, मग असे पट्टे जोडून मोठी चादर करायची. टाचताना रंग विखुरायचे, दोन गर्द फुलं शेजारी आली तर लांबून डाग दिसतो. बोलणं कमी आणि दोऱ्याची करकर जास्त. माझ्या उजवीकडे ऐंशीच्या घरातल्या एक बाई होत्या, निवृत्त नर्स. बोटं संधिवातानं वाकलेली, तरी टाका एकसारखा. त्यांनी विचारलं, मूळची कुठली?

"पुण्याची. म्हणजे पुण्याजवळ खडकी."

त्या थांबल्या. म्हणाल्या, "स्पेलिंग सांग." मी जुनं, इंग्रजांच्या वेळचं 'किर्की' सांगितलं. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. वहीत पहिल्या महायुद्धात गेलेल्या ऑस्ट्रेलियन नर्सेसची नावं होती, त्यांच्याच हस्ताक्षरात. एकेका नावासाठी त्या एकेक फूल विणत होत्या. दोन नावांपुढे लिहिलं होतं: किर्की मेमोरियल, इंडिया. एमी व्हीडा ओ'ग्रेडी. कॅथलीन पॉवर.

मला हे अजिबात माहीत नव्हतं. १९१६पासून ५००हून अधिक ऑस्ट्रेलियन नर्सेस हिंदुस्थानात काम करायला आल्या होत्या. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवरून बोटी भरभरून जखमी आणि आजारी शिपाई मुंबईला उतरत होते. त्यांच्यासाठी मुंबईत, पुण्यात लष्करी रुग्णालयं उघडली होती. त्या बोटींमध्ये आपले मराठेही होते, कारण मराठ्यांच्या पलटणी त्याच आघाडीवर होत्या. या दोघी ऑगस्ट १९१६मध्ये, भर पावसाळ्यात, मुंबईत वारल्या. ओ'ग्रेडी कॉलऱ्यानं गेल्या. आणि त्यांची नावं ज्या स्मारकावर आहेत ते होळकर पुलाजवळच्या त्या हिरव्यागार आवारात, जिथून मी वर्षानुवर्षं सायकलवरून गेले. आम्ही त्याला 'गोऱ्यांची दफनभूमी' म्हणायचो आणि आत बोरं मिळतात का एवढंच बघायचो.

त्या रात्री दोन फुलं केली. पहिल्यांदा चिठ्ठ्या लिहिल्या.

फोनवर हे घरी सांगितलं तेव्हा आई हळहळली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. बाबांची अख्खी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली. आमचं घर त्या भोंग्यावर चालायचं. माझं शिक्षण, माझं लग्न, आईच्या क्रोशाच्या सुया, सगळं त्या पगारातून झालं. मी त्याबद्दल कधी लाजले नाही आणि आजही लाजत नाही. पण हातात लाल लोकर घेऊन त्यांच्याशी बोलताना माझा आवाज अडखळला हे खरं आहे. शेवटी त्यांनी विचारलं, "एका फुलाला किती वेळ लागतो?"

"आता चाळीस मिनिटं लागतात."

"आम्ही पेटीनं मोजायचो," बाबा म्हणाले. "एकेक कधी मोजलं नाही." आणि फोन आईकडे दिला.

२५ एप्रिल २०१५ला आम्ही तिघं पहाटे निघालो. फेडरेशन स्क्वेअरला पोचलो तेव्हा उजाडत होतं. २,५०,०००हून अधिक फुलं जमली होती. वाचताना तो आकडाच असतो. समोर आलं तेव्हा मला आधी रंग दिसला, मग त्याचं खडबडीतपण, आणि जवळ वाकले तेव्हा टाके. कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. एका फुलाच्या मधोमध काळ्या लोकरीऐवजी गणवेशाचं जुनं बटण होतं. एक लहान मुलानं केलेलं असावं, कारण ते फूल नव्हतंच, नुसता लाल गुंता होता, पण तोही नीट टाचलेला. इतक्या गर्दीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी माझी फुलं शोधायचा प्रयत्न केला. सापडली नाहीत. तेव्हा वाईट वाटलं, पण घरी परतेपर्यंत वाटेनासं झालं.

तिथून चालत आम्ही श्राइन ऑफ रिमेम्ब्रन्सला गेलो. १९३४ साली उभं राहिलेलं हे मेलबर्नचं युद्धस्मारक. गाभाऱ्यात जमिनीच्या पातळीखाली एक दगड आहे. दरवर्षी ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता, म्हणजे १९१८ साली युद्ध थांबलं त्या घटकेला, छतातल्या झरोक्यातून उन्हाची तिरीप येते आणि त्या दगडावर कोरलेल्या ओळीतल्या एका शब्दावरून सरकते. तो शब्द आहे 'लव्ह'. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव मी लहानपणी पाहिला आहे. तिथे किरण मूर्तीच्या पायांपासून वर चढत जातात आणि माणसं श्वास रोखून उभी राहतात. इथेही तशीच उभी राहत असणार.

पण मला एक गोष्ट टोचत होती. गॅलिपोलीच्या मोहिमेत ऑस्ट्रेलियाची ८,०००हून अधिक माणसं गेली. हिंदी सैन्यातली हजाराहून अधिक. पहिल्याच दिवशी अँझॅक, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या, सैन्याबरोबर हिंदी डोंगरी तोफखाना किनाऱ्यावर उतरला होता, आणि पाणी-दारूगोळा वर चढवणारी खेचरं हाकणारेही आपलेच लोक होते. आणि ज्यांच्या घरात ही सगळी फौज घुसली त्या तुर्कांची ८६,०००हून अधिक माणसं गेली. त्या आयांनीही काहीतरी विणलंच असेल. शोक करायला मी आले होते, पण कुणाचा करायचा आणि कुणाचा सोडायचा, ही वाटणी मला पटत नव्हती. अजून पटत नाही. शोक अर्धा करता येत नाही. ज्या फुलाखाली फक्त आपलाच मुलगा असतो, ते फूल पुढच्या मुलाला रांगेत उभं करायलाही वापरता येतं, आणि हे मी छावणीच्या गावात वाढलेली, पलटणीचे बँड ऐकत मोठी झालेली मुलगी म्हणून सांगते.

पांढऱ्या पॉपीबद्दल मी त्यानंतर वाचलं. १९३३मध्ये ब्रिटनमधल्या सहकारी चळवळीतल्या बायकांनी ती काढली. त्यांत युद्धात नवरे, मुलं, भाऊ गमावलेल्या बायका होत्या. त्यांचं मागणं सरळ होतं: सगळ्या मेलेल्यांची आठवण, आणि पुन्हा युद्ध नको. काहींना ते फूल आजही आवडत नाही, लाल फुलाचा अपमान वाटतो. मला वाटला नाही. मी पांढऱ्या लोकरीचं एक फूल केलं. काळा मध्य, आठ मुके खांब, तीच झालर.

डिसेंबरात खडकीला गेलो तेव्हा तीन फुलं बरोबर नेली, दोन लाल आणि एक पांढरं. आई-बाबाही आले. बाबा कधी आत गेले नव्हते. आवार इतकं स्वच्छ, इतकं काटेकोर कापलेलं गवत की आईनं चपला काढल्या. पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर १,८००हून अधिक नावं आहेत. ही माणसं देशभरातल्या छावण्यांच्या दफनभूमींत पुरली होती. त्या कबरींची देखभाल होईना, म्हणून त्यांची नावं इथे आणली. १९६२मध्ये मुंबईच्या शिवडीच्या दफनभूमीतून ६२९ जणांचे अवशेषही इथे हलवले. आम्ही नावं शोधली. ओ'ग्रेडी बाबांना सापडली. चष्मा कपाळावर ढकलून, बोट न लावता, ते नाव त्यांनी दोनदा वाचलं. मग माझ्या हातातलं पांढरं फूल त्यांनी मागून घेतलं आणि खाली, सगळ्या नावांच्या पायाशी ठेवलं. काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

२०१८मध्ये पुन्हा बोलावणं आलं. युद्ध थांबल्याला शंभर वर्षं होत होती, आणि कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या हिरवळीवर ६२,००० फुलं लावायची होती. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाची जेवढी माणसं गेली तेवढी, एका माणसाला एक. या वेळी फूल जाळीवर नाही, देठावर. त्यामुळे मागची बाजूही नीट हवी, कारण चालत फिरणाऱ्याला ती दिसते. मी मागच्या बाजूचे दोरे लपवायला नव्यानं शिकले.

विणता विणता एका रात्री हिशेब मांडला. एक फूल चाळीस मिनिटं. ६२,००० फुलांचे झाले ४१,३३३ तास. एकट्या बाईनं रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता विणलं तर चौदा वर्षं. मग त्याच कागदावर खाली आपला आकडा घातला. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्याची सुमारे ७४,००० माणसं गेली. सतरा वर्षं. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. ती जन्मल्यापासून विणायला बसले असते तरी तिच्या सतराव्या वाढदिवसाला शेवटचं फूल हातात असतं. त्या कागदासमोर मी रडले. त्याआधी आकडा वाचून कधी रडले नव्हते.

ऑक्टोबरात कॅनबेराला जाऊन पाहून आलो. वाऱ्यावर ६२,००० देठ एकदम कलतात आणि पुन्हा सरळ होतात. मेमोरियलच्या ओवऱ्यांतून काशाच्या पट्ट्यांवर नावं आहेत, हुद्दा कुणाचाच लिहिलेला नाही. लोक नावाशेजारच्या फटीत कागदी पॉपी खोचतात. नर्सेसच्या यादीत ओ'ग्रेडी होती आणि तिच्याशेजारी आधीच कुणीतरी फूल खोचलेलं होतं. खडकीत एक, इथे एक.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपल्या चावडीतला दगड?"

माझं आजोळ साताऱ्याकडे. त्या बाजूच्या बऱ्याच गावांत इंग्रजांनी युद्धानंतर संगमरवरी फरशा बसवल्या: या गावातून अमुक जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले. आजोळच्या चावडीतही तशी एक आहे. मी ती शेकडो वेळा पाहिली होती. तिच्यावर दोन आकडे आहेत. नाव एकही नाही.

पुढच्या मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा आईनं फुलं करून ठेवली होती, खालच्या आकड्याइतकी. तिला आता बारीक दिसत नाही. बोटांनी घरं मोजून तिनं ती विणली होती, आणि माझ्या कुठल्याही फुलापेक्षा तिची झालर सरस होती. बाबांनी चिठ्ठ्या कापल्या होत्या, भोक पाडून दोरा ओवून. चावडीत आम्ही फरशीखालच्या खिळ्यांना फुलं बांधायला लागलो तशी पोरं जमली. एकानं विचारलं, "यातलं कुणाचं कुठलं?"

पारावर बसलेले एक आजोबा उठून आत आले. त्यांनी फरशीकडे नाही, फुलांकडे पाहिलं. त्यांच्या आजोबांचा धाकटा भाऊ बसऱ्याला गेला होता, परत आला नाही, घरात त्याच्या नावानं पितरांना पान वाढतात, असं ते म्हणाले. आणि त्यांनी नाव सांगितलं.

बाबांनी खिशातून पेन काढलं, नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि एका चिठ्ठीवर लिहिलं. आईनं ती पहिल्या फुलाला बांधली. बाकीच्या फुलांना तिनं कोऱ्या चिठ्ठ्या बांधल्या, आणि आजोबांना म्हणाली, "आणखी कुणी सांगितलं तर लिहा. पेन इथेच ठेवतो."